बाईंच्या खुर्चीतलं धूड

"पंधरा मिनिटं!" साहेबांनी जाहीर केलं. "दुकानात शिरायचं, बोट दाखवायचं, पावती घ्यायची, बाहेर! सबवूफर निवडायला ज्याला याहून जास्त वेळ लागतो, तो माणूस एक तर बावळट असतो, नाही तर विवाहित!"

हे त्यांनी आरशाला सांगितलं. घरात दुसरं कोणी नव्हतं.

साहेब म्हणजे बॉयलरसाहेब. अख्खी इमारत त्यांना याच नावाने ओळखते. त्यांनी आयुष्यभर कारखान्यांतले बॉयलर तपासले. नुसता कान लावून बॉयलर आतून खूश आहे की रुसलाय, हे सांगणारा माणूस! त्या नोकरीने त्यांना पेन्शन दिलं आणि बदल्यात कानांचा वरचा मजला काढून घेतला. चिमण्या, शिट्ट्या, दारावरची बेल, सगळं कधीच बंद झालं होतं. खालचा मजला मात्र शाबूत. दोन गल्ल्या पलीकडचा ट्रक भरलेला आहे की रिकामा, ते खिडकीत बसून सांगत. त्यामुळे त्यांचं एक ठाम मत होतं: सिनेमात स्फोट झाला की सोफा हलला पाहिजे. नाही हलला तर तो स्फोट नव्हे, अफवा!

बाईंचं मत बरोबर उलटं. बाई म्हणजे साहेबांच्या बायको. गाणं शिकवायच्या, म्हणून त्या सगळ्यांच्याच बाई. "आवाज ऐकायला असतो," त्या म्हणत, "अंगावर घ्यायला नाही."

आता घरात संच एकच. सकाळी त्यावर गाणं, संध्याकाळी सिनेमा. स्पीकर आले, ॲम्प्लिफायर आला, भिंतभर टीव्ही आला. या सगळ्यावर तहाची बोलणी झाली आणि तह झालेही. अडलं ते सबवूफरवर. सबवूफर म्हणजे फक्त खालचा, घनगंभीर आवाज काढणारा डबा, आणि तो दोन जातींचा मिळतो. एक लहान, चारी बाजूंनी बंद. त्याचा स्वर नेमका, कोरडा आणि वेळच्या वेळी संपणारा. दुसरा मोठा, पोटाला भोक असलेला. त्या भोकातून वारा फुंकत तो असा हुंकारतो की भिंतीला घाम फुटावा!

"तुमचा तो भोकाचा डबा नको," बाई म्हणत. "स्वर संपला की संपला पाहिजे. हा आपला निरोप घेऊन झाल्यावरही दारात उभं राहून बोलणाऱ्या पाहुण्यासारखा घुमत बसतो."

"आणि तुझा तो बंद डबा!" साहेब म्हणत. "त्यातून भूकंप झाला तर वाटतं, शेजारी कोणी कपाट सरकवतंय!"

हे भांडण वर्षानुवर्षं चाललं. दर शनिवारी दोघं सबवूफर घ्यायला बाहेर पडत आणि सबवूफर न घेता परत येत. शहरातल्या दुकानदारांना त्यांची चालसुद्धा पाठ झाली होती. गंमत म्हणजे परत येताना दोघं खुशीत असत. शनिवार सत्कारणी लागलेला असे.

मग बाई गेल्या.

आणि त्या दिवसापासून साहेबांना कोणी 'नाही' म्हणेना. दूधवाल्याला त्यांनी म्हटलं, दूध पातळ आहे. तो मान खाली घालून म्हणाला, हो साहेब, पातळच आहे. इमारतीच्या सभेत त्यांनी लिफ्टला लाल रंग द्यावा असं मुद्दाम सुचवलं, तर ठराव एकमताने मंजूर! खालच्या मजल्यावर एक वकील राहतात. माणूस असा की खुर्ची सरकवल्याबद्दल त्यांनी साहेबांना नोटीस पाठवली होती. जिन्यात शिंकल्याबद्दल पोस्टमनला पाठवली होती. वाटणीवरून सख्ख्या भावाला तर दर वर्षी जात असे. तेसुद्धा हल्ली जिन्यात भेटले की साहेबांचा हात हातात घेऊन नुसते उभे राहत. साहेबांना वाटे, यापेक्षा नोटीस परवडली.

तर असे साहेब, अडवायला कोणी उरलं नाही म्हणून, त्या शनिवारी एकटेच दुकानात शिरले.

दुकानातला विक्रेता मध्यमवयीन, टापटीप आणि अतिशय नम्र. साहेबांनी पाचव्या वाक्याला मनातल्या मनात त्याचं नाव होयबा ठेवलं. का, ते ऐका.

"मला मोठा हवाय. भोकाचा," साहेब म्हणाले.

"उत्तम निवड, साहेब!"

साहेब थबकले. एवढ्यात? अजून तर बाह्यासुद्धा वर केल्या नव्हत्या!

"पण गाण्याला तो घुमतो म्हणतात."

"घुमतो ना, साहेब!"

"मग काय, लहान घ्यावा?"

"लहानच घ्यावा, साहेब!"

"पण लहानात भूकंप कपाटासारखा वाटतो!"

"अगदी कपाट, साहेब! माझ्या मनातला शब्द!"

साहेबांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. भिंतीवर चेंडू मारावा आणि भिंतीने तो ठेवूनच घ्यावा, तसं त्यांना झालं. शेवटी नाइलाजाने त्यांनी बाईंची बाजू स्वतःच मांडायला घेतली. लहान डबा कसा सुरेल, घर म्हणजे कारखाना नव्हे, रोज काही भूकंप होत नाहीत, गाणं मात्र रोज असतं. मांडता मांडता त्यांनी ती इतकी छान मांडली, की त्यांना तिच्यावर उत्तरच सुचेना! दुकानाच्या मधोमध ते तोंड अर्धवट उघडं ठेवून उभे राहिले. समोरच्या पाच पडद्यांवर पाच वेगवेगळे लोक एकाच वेळी हसत होते.

"दोन्ही घेऊन जा ना, साहेब," होयबा हळूच म्हणाला. "घरी लावून बघा. उद्या मी स्वतः येतो, नको असेल तो परत नेतो. फक्त पॉलिशवर ओरखडा नको. ओरखडा आला की माल तुमचा."

त्या दुकानात साहेबांना ऐकायला मिळालेला तो एकमेव 'नको'. त्यांना बरं वाटलं.

"आणि जागा ठरवायची पद्धत माहीत आहे ना, साहेब? रांगायचं."

"कोणी?"

"आपण, साहेब! या खालच्या आवाजाचं असं असतं, खोलीत कुठे तो साचतो, कुठे अगदी नाहीसा होतो. म्हणून जिथे बसून आपण ऐकणार, त्या खुर्चीत सबवूफरला बसवायचं. आणि आपण जमिनीवर रांगत खोलीभर हिंडायचं. जिथे कानाला सगळ्यांत छान लागेल, ती सबवूफरची जागा. मग अदलाबदल करायची. डबा तिथे, आपण खुर्चीत. इकडचं तिकडे केलं तरी आवाज तोच लागतो."

साहेबांना ही पद्धत पटली. बॉयलरच्या खाली ते अर्धं आयुष्य रांगलेच होते.

डबे दुपारी घरी आले. आणणारे हॉलमध्ये ठेवून गेले. साहेबांनी खोकी सोडवून जिन्यात ठेवली, दार पुन्हा ओढून घ्यायचं राहून गेलं, आणि मग ते खोलीच्या मध्यावर येऊन थांबले.

ऐकण्याची जागा खोलीत एकच होती. दोन्ही स्पीकरपासून बरोबर सारख्या अंतरावर ठेवलेली, वेताने विणलेली, बाईंची खुर्ची. साहेबांची आरामखुर्ची बाजूला, खिडकीपाशी. बाई गेल्यापासून त्यांच्या खुर्चीत कोणी बसलं नव्हतं. बसू नये असं कोणी म्हटलं नव्हतं. पण भेटायला आलेली माणसं आपोआप सोफ्यावर दाटीवाटीने बसत, एकमेकांच्या मांडीवर बसतील पण तिथे बसणार नाहीत. साहेबही तिला वळसा घालून जात. फरशीवर तशी वाटच पडली असती.

"पद्धत म्हणजे पद्धत," साहेब मोठ्याने म्हणाले.

मोठा डबा त्यांनी आधी उशीवर घेतला, उशीवरून स्टुलावर, स्टुलावरून खुर्चीत. वेत कुरकुरला. डबा काळाभोर, आरशासारखा चकचकीत. ओरखडा तर यायला नको! साहेबांनी हाताशी आली ती शाल त्याच्याभोवती नीट गुंडाळली, पुढून खोचली. हाताशी आली ती बाईंचीच होती; दुसरी शाल घरात नव्हती. मग त्यांनी एका तंतुवाद्याचा खोल, संथ तुकडा पुन्हा पुन्हा वाजेल असा लावला, गुडघ्यांवर बसले आणि रांगायला लागले.

खिडकीपाशी आवाज नव्हताच. सोफ्यामागे तो इतका साचला होता की उपसून काढावा. टीव्हीखाली नाकात धूळ गेली.

"नाही, इथे काही कळत नाही," साहेब खुर्चीकडे बघून म्हणाले. बोलायची सवय होती, आणि समोर शाल होती. "तू बोलत राहा. मी येतो तिकडून. ... हां! आता जरा ऐकू येतेस. अजून थोडं खाली ये बघू!"

"साहेब?"

साहेबांनी मान वर केली. दारात खालचे वकील उभे होते. बेल त्यांनी वाजवली असणार. ती साहेबांना कुठली ऐकू यायला! वकिलांची नजर आधी जमिनीवर चार पायांवर असलेल्या साहेबांवर, मग खुर्चीत शाल पांघरून बसलेल्या त्या ठेंगण्या आकृतीवर, मग पुन्हा साहेबांवर गेली.

साहेबांचा चेहरा मात्र उजळला. आला! भांडायला आला!

"या, या! त्रास होतोय ना खाली? हादरे बसतायत?"

"छे, छे! अजिबात नाही!"

"खोटं बोलू नका. तुमचा तो लोंबता दिवा हलत असेल."

"हलतोय," वकील घाईने म्हणाले. "पण छान हलतोय!"

"अहो, नोटीस पाठवा मग!"

"काहीतरीच काय, साहेब. तुम्ही चालू द्या. मनाला येईल तेवढं चालू द्या." वकिलांनी खुर्चीकडे वळून शालीला अत्यंत अदबीने नमस्कार केला. "येतो, वहिनी."

आणि दार अलगद ओढून घेऊन ते गेले.

साहेब तसेच बसून राहिले. या माणसाला वेड तर नाही ना लागलं, असं त्यांच्या मनात आलं. अगदी तेच वकिलांच्याही मनात आलं होतं. फरक एवढाच, की वकिलांनी खाली जाऊन साहेबांच्या लेकीला फोन केला.

लेक दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने हजर! ती दुसऱ्या गावी ग्रंथपाल आहे. तिचा आवाज मुळातच दोन बोटं खाली, त्यात आज तो आणखी उतरलेला. तिच्या हातात एक मोठी बॅग होती. साहेबांनी ती घ्यायला हात पुढे केला, आणि बॅग फुलासारखी वर आली. रिकामी होती.

रिकामी बॅग घेऊन कोणी पाहुणं येत नाही. ती भरायला आणलेली असते. कोणाच्या कपड्यांनी, हे साहेबांना विचारावं लागलं नाही.

"बाबा, थोडे दिवस माझ्याकडे चला," ती पाण्याचा ग्लास हातात घेऊन म्हणाली. "बदल म्हणून."

"मला काय झालंय?"

"काही नाही झालं, बाबा."

"मग कशाला येऊ?"

"नका येऊ, बाबा. म्हणजे, तुम्हाला वाटेल तसं."

शोकात असलेल्या माणसाला विरोध करू नये, असं तिने कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं. एक नाही, पाच पुस्तकांत वाचलं होतं. साहेबांना ऐन सकाळी दरदरून घाम फुटला. पोटची पोरसुद्धा होयबा झाली! आणि हे असं पाण्यासारखं बोलत बोलत ती संध्याकाळपर्यंत आपल्याला गाडीत बसवेल, हेही त्यांना दिसलं. भिंतीला धक्का देता येतो. पाण्याला काय देणार?

त्यांनी सगळं समजावून सांगायचं ठरवलं. आणि सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं, की खरी गोष्ट वेडेपणापेक्षाही वेडी वाटते आहे.

"म्हणजे तो डबा आईच्या खुर्चीत बसतो," लेक हळुवारपणे म्हणाली, "आणि तुम्ही रांगता."

"पद्धतच आहे ती!"

"हो, बाबा."

"ते 'हो बाबा' बंद कर! ये, तू रांग. तुला कळेल."

"रांगू या, बाबा."

साहेबांनी कालचा संथ तुकडा लावला. मग ग्रंथपाल लेक ओढणी कमरेला बांधून जमिनीवर उतरली. खुर्चीच्या बाजूला ती बघत नव्हती. आल्यापासून एकदाही बघितलं नव्हतं. पुढे साहेब, मागे लेक, असे दोघं भिंतीकडेने निघाले.

"इथे कसं वाटतं?"

"छान."

"आणि इथे?"

"इथेही छान."

"सगळीकडे छान असायला तो काय निवडणुकीला उभा आहे? कान लावून ऐक की गं!"

बाहेरच्या दाराजवळ, चपलांच्या कपाटाशी आल्यावर मात्र लेक थांबली. डोकं कपाटाला टेकलं होतं, एक हात साहेबांच्या बुटावर होता. तिथे तो स्वर आवाज म्हणून येतच नव्हता. नुसतं छातीच्या आत कोणी दिवा लावावा तसं होत होतं. खालचा स्वर उमटला, थांबला, आणि थांबल्याचंही कळलं.

"बाबा," ती म्हणाली, आणि हा पहिलाच तिचा नेहमीचा आवाज होता, "इथे खरंच कळतंय."

"बघ!"

त्याच क्षणी नुसतं लोटलेलं दार उघडलं, आणि कपाटाला डोकं टेकलेल्या त्या बापलेकीच्या अंगावर पडता पडता वकील आणि होयबा सावरले. होयबा एक डबा परत न्यायला आला होता. वकील, लेक आली का ते बघायला. दोघांची गाठ लिफ्टमध्ये पडली होती.

"अरे देवा!" वकील पुटपुटले. "हिलाही!"

"या, होयबा! म्हणजे, या!" साहेब उठत म्हणाले. "तुम्हीच सांगा यांना. सबवूफरची जागा ठरवायला रांगतात की नाही?"

"रांगतात ना, साहेब! शास्त्रोक्त पद्धत आहे!"

साहेबांनी विजयी मुद्रेने वकिलांकडे पाहिलं. पण वकील कसले! उलटतपासणीत केस पांढरे झालेले.

"एक मिनिट. तुम्ही सांगता, ही पद्धत आहे?"

"आहे ना, साहेब!"

"की अति दुःखाने माणूस असं करायला लागतो?"

"लागतो ना, साहेब!"

"म्हणजे यांचं दुःखच आहे हे?"

"दुःखच आहे, साहेब! माझ्या मनातला शब्द!"

साक्षीदार दोन्ही पक्षांना मिळाला! साहेबांनी कपाळाला हात लावला. आता प्रात्यक्षिकाशिवाय गत्यंतर नव्हतं. ते तरातरा गेले, संथ स्वर बंद केला, एका सिनेमातला भूकंप लावला आणि आवाजाचं बटण असं पिळलं, की बॉयलरचीसुद्धा दातखीळ बसावी.

आधी कपाटातल्या बशा बोलू लागल्या. मग खिडकीची काच. मग खुर्ची. रात्रभर त्या धुडाखाली ताणून राहिलेला वेत आधी कण्हला, मग एकदा 'फट्' म्हणाला, मग चहूबाजूंनी एकदम फट् फट् फट्! आणि ती शाल पांघरलेली आकृती, दमून खाली बसावं तशी, सगळ्यांच्या देखत सावकाश खुर्चीच्या आत उतरली. लाकडी चौकटीत घट्ट रुतली. भूकंप चालूच होता. फक्त आता तो बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा येत होता.

साहेबांनी आवाज बंद केला.

तिघांनी मिळून ओढलं. साहेब डब्याला, होयबा साहेबांना, वकील खुर्चीच्या पायांना. लेक एका बाजूला उभी राहून हात पुढे करत होती आणि मागे घेत होती. डबा तसूभर हलेना. चौकटीने त्याला मगरीसारखं धरलं होतं. आत, पॉलिशवर, लाकूड घासल्याचा एक लांबलचक करकर आवाज मात्र झाला.

"ओरखडा आला, साहेब," होयबा अतिशय दुःखाने म्हणाला. "माल तुमचा."

"बाहेर तर काढायला हवा," वकील म्हणाले. "खुर्चीचा हा पुढचा दांडा कापला, तर..."

"कापू या ना, साहेब! करवत मागवतो!"

"मागवा," साहेब अगदी हळू म्हणाले.

"खुर्चीला हात लावायचा नाही!"

आवाज एवढा मोठा होता, की साहेबांनी आणखी कोणी बाई आली की काय म्हणून दाराकडे पाहिलं. पण तो ग्रंथपालबाईंचा होता. ग्रंथालयात इतकी वर्षं साठवलेला सगळा आवाज तिने एकदम बाहेर काढला होता.

"विचारलंत कुणाला? सोफा आहे, स्टूल आहे, एवढी जमीन आहे! आणि हे धूड बसवायला तुम्हाला तीच खुर्ची दिसली? मी आल्यापासून तिकडे बघत नाहीये, बाबा! बघवत नाही म्हणून बघत नाहीये! आणि तुम्ही तिथे भूकंप लावता?"

"ऐकायची जागा तीच आहे!"

"मग लहान डबा लावायचा! वेताने पेलला असता!"

"लहानात दम नाही!"

"दम हवाय कशाला? आणि सकाळचं गाणं? ते काय या भोंग्यावर ऐकणार? घुमून घुमून त्याचं पिठलं होईल!"

"घुमत नाही! वेळेत थांबतो! आत्ता कपाटाशी ऐकलंस ना तू?"

"संथ होतं म्हणून! जलद लावा, कळेल!"

"तुला काय कळतं गं सबवूफरमधलं?"

"तुम्हाला काय कळतं गाण्यातलं? सदान् कदा भूकंप! कशाला हवेत पण इतके भूकंप?"

"कारण या घरात दुसरं काही हलतच नाही!" साहेब ओरडले.

होयबाने करवत मागवायला काढलेला फोन खिशात ठेवला.

लेक खुर्चीसमोर जमिनीवर बसली. आता ती खुर्चीकडे बघत होती. तिने हात पुढे केला, चौकटीत अडकलेल्या शालीचं बाहेर राहिलेलं टोक सरळ केलं, पुन्हा चुरगळलं, पुन्हा सरळ केलं. साहेब तिच्या शेजारी बसले. गुडघे करकर वाजले.

मग ती नाक पुसून म्हणाली, "तरीसुद्धा लहानच घ्यायचा होता."

"मुळीच नाही," साहेब म्हणाले. आणि त्यांच्या आवाजात असं काही होतं, की वकिलांनी चष्मा काढून पुसला.

"ताई," वकील घसा साफ करून म्हणाले, "मी आयुष्यभर भांडणारी माणसं पाहिली. इतकं मुद्देसूद भांडणाऱ्याचं डोकं ठिकाणावर असतं, हे मी कोर्टात लिहून देईन. आणि साहेब, आता निघालंच आहे म्हणून सांगतो. माझा दिवा हलतो, तो छान वगैरे काही हलत नाही. भयंकर हलतो! मला अतोनात त्रास होतो!"

साहेबांना त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

"नोटीस पाठवणार?" त्यांनी आशेने विचारलं.

"अर्थात!"

होयबा लहान डबा घेऊन गेला. लेक संध्याकाळी गेली. रिकामी बॅग परत कशी न्यायची म्हणून तिने तीत आईचे दोन स्वेटर आणि एक जुनी टॉर्च घातली. जाताना दारात उभी राहून, निरोप घेऊन झाल्यावरही, ती लहान डब्याबद्दल बोलतच राहिली. गाडी चुकता चुकता मिळाली.

खुर्ची कापली नाही. डबा बाहेर निघाला नाही. आता डबाच खुर्चीत मुक्कामाला म्हटल्यावर, इकडचं तिकडे केलं तरी आवाज तोच, या न्यायाने साहेबांनी स्वतःची सोय बघितली. सध्या ते चपलांच्या कपाटाशी स्टूल टाकून सिनेमा बघतात. टीव्ही तिथून तिरका दिसतो, सगळे नायक बारीक आणि सगळ्या नायिका लुकड्या! कधीकधी वकील तक्रार करायला वर येतात आणि शेवट बघूनच खाली जातात. सकाळी साहेब गाणंही लावतात. जलद लावलं की घुमतं. हे त्यांनी अजून कुणाजवळ कबूल केलेलं नाही.

लेकीचा फोन रोज येतो. पूर्वी रविवारी यायचा. "जेवलात का, औषध घेतलंत का," ते हल्ली शेवटी कधीतरी, ठेवता ठेवता. सुरुवात ठरलेली.

"काढलात का तो डबा आईच्या खुर्चीतून?"

"निघतच नाही, तर काय करू?"

"दुसरा कोणी बोलवा!"

"बोलवून झाले सगळे!"

"मग तुम्हाला काढायचाच नाहीये! मला माहितीये!"

"आरोप करू नकोस!"

मागच्या आठवड्यात एक वेत विणणारा येऊन गेला. त्याने खुर्चीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून बघितलं आणि हसायलाच लागला. म्हणाला, "काका, यात काय आहे? दांड्याचे हे चार खिळे काढायचे, डबा उचलायचा, खिळे पुन्हा ठोकायचे. बैठक मी नवी विणून देतो. करू का आत्ता?"

साहेबांनी त्याला चहा दिला. बिस्किटं दिली. हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मग खांद्यावर हात ठेवून त्याला लिफ्टपर्यंत पोचवलं, आणि गरज पडली की बोलावतो म्हणाले.

लेकीला हे सांगायचं आहेच. लपवाछपवी साहेबांना जन्मात जमलेली नाही. पण आज म्हणे ती त्या डब्याबद्दल त्यांना चांगलीच फैलावर घेणार आहे. आत्ताच सांगून टाकलं तर मग बोलायचं कशावर?